गोव्यातला पहिला सीझन: आईबाबांना बोलवायचं की नको?

आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा तीन नवीन बिऱ्हाडं आलीत, एक पुण्याचं, एक कोल्हापूरचं, एक बेळगावचं, आणि तिघांनीही मला लिफ्टमध्ये साधारण एकच प्रश्न विचारला, की डिसेंबरात गावाकडून आईबाबा येणार, इथे तर सगळीकडे गर्दी, त्यात परत कोविडचं काहीतरी ऐकू येतंय, मग बोलवायचं की नको? दर वेळी मजला यायचा आणि माझं उत्तर अर्धं राहायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी मूळची डिचोलीची, आता पर्वरीला राहते. डॉक्टर नाही. पण २०२२च्या जानेवारीत आमच्या घरातले सात जण एका जेवणावरून कोविडने एकदम आडवे पडलो आणि सासूबाईंना सहा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, तेव्हापासून दर सीझनला मी हा हिशोब मांडते. हिशोबच म्हणते, कारण "जायचं की नाही" असा प्रश्न घातला की घरात भांडणच होतं, एक पार्टी म्हणते आता काय राहिलंय, दुसरी म्हणते दार लावून बसा. दोघांचंही चुकतं. थोडी रिस्क घ्यायचीच आहे, फक्त कशावर घालवायची ते आपण ठरवायचं, बोनससारखं, सगळा बोनस पहिल्याच दुकानात उडवत नाही ना आपण.

पायरी १: घरातला सगळ्यात नाजूक माणूस कोण ते आधी ठरवा

सगळ्यांचा सरासरी हिशोब करू नका. तुम्ही तिशीतले, तब्येत ठणठणीत, तुम्हाला तीन दिवस ताप येऊन जाईल. पण तुमच्याबरोबर एकाच टेबलावर जेवणारे बाबा सत्तरीचे असतील, बायपास झालेली असेल, तर घराची मर्यादा बाबांची. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असणारं कोणी, किडनीचं दुखणं, दिवस गेलेली वहिनी, अगदी तान्हं बाळ, हे सगळे याच यादीत.

आणि शुगर. ही गोष्ट इथल्या लोकांनाही पटत नाही, पण २०२३मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे दर चार मोठ्या माणसांत एकाला. शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर कोविड असो की फ्लू, दोन्ही जड जातात. त्यामुळे "आमच्याकडे कोणी आजारी नाही हो" म्हणण्याआधी एकदा तपासून घ्या, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

याच पायरीत लसीचं काम उरका. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. कोविडचा अजून एक डोस हवा की नको हे वय आणि आजार बघून डॉक्टरलाच विचारा.

पायरी २: सध्या किती पसरलंय याचा अंदाज घ्या

आता पूर्वीसारखं रोज संध्याकाळी सरकारी बुलेटिन घेऊन बसायचे दिवस गेले. डब्ल्यूएचओने ५ मे २०२३ला कोविडची आणीबाणी संपली म्हणून जाहीर केलं, त्यानंतर टेस्टिंगही कमी झालं, त्यामुळे पेपरात आकडा नाही म्हणजे आजार नाही असं समजू नका. उलटंही होतं. डिसेंबर २०२३मध्ये कोविडचा जेएन.१ हा नवा व्हेरियंट आला तेव्हा सुरुवातीला देशभरात सापडलेल्या २१ केसपैकी १९ गोव्यातल्या होत्या, सगळीकडे बोंब, गोव्यात जाऊ नका म्हणून. पण जिथे सॅम्पल काढून जीनोम तपासतात तिथेच व्हेरियंट सापडतो, बाकीच्या राज्यांत तो नव्हता असं थोडंच.

मी काय करते सांगते. ओळखीच्या फार्मसीवाल्याला विचारते की तापाच्या गोळ्या आणि टेस्ट किट किती खपतायत. फॅमिली डॉक्टरकडे वेटिंगला किती जण खोकतायत ते बघते. मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर "आज येणार नाही, ताप आहे" असे मेसेज किती ते मोजते. हे काही शास्त्र नाही, पण दोन आठवड्यांत हे तिन्ही एकदम वाढले तर लाट आली समजायचं.

मग गर्दीचा हिशोब. समजा सध्या दर शंभरात एक जण आजारी आहे, म्हणजे पसरवण्याच्या अवस्थेत. दहा जणांच्या जेवणात निदान एक तरी असा असण्याची शक्यता जवळपास १० टक्के. पन्नास जणांच्या बारशाला ४० टक्के. दोनशेच्या लग्नाला ८७ टक्के. म्हणजे मोठ्या लग्नात तो माणूस आहेच असं धरून चाला, प्रश्न एवढाच की तुमच्या आणि त्याच्या मध्ये हवा किती आहे.

पायरी ३: हवा, वेळ आणि आवाज

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि नवीन लोक नेमकी इथेच चुकतात. कारण लोक गर्दी डोळ्यांनी मोजतात. हणजुण्याचा बुधवारचा बाजार बघून घाबरतात आणि मग त्याच रात्री काचबंद क्लबमध्ये चार तास बसतात.

हा आजार मुख्यतः हवेतून येतो, बोलताना खोकताना निघणारे बारीक कण खोलीत धुरासारखे साठतात. उदबत्ती लावा, अंगणात तिचा वास दोन पावलांवर विरतो, बंद खोलीत अर्ध्या तासात कपड्यांना चिकटतो. बस, हेच डोक्यात ठेवायचं. म्हणून तीन प्रश्न: हवा खेळती आहे का, तिथे किती वेळ थांबणार, आणि लोक शांत बसणार की ओरडणार-गाणार.

गाण्याचं तर विशेष. १० मार्च २०२०ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनमंडळाची अडीच तासांची तालीम झाली, ६१ जण होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखं काहीतरी होतं, आणि शेवटी त्याला धरून ५३ जण आजारी पडले, दोघं गेले. मी हे वाचलं तेव्हा मला आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आठवली, बाहेर धो धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट) वीस जण दाटीवाटीने उभे आणि घुमट हे वाद्य घेऊन पाऊण तास आरत्या, एकाहून एक वरच्या पट्टीत. चवथीला इथे डिसेंबरपेक्षा जास्त सांभाळावं लागतं असं माझं स्पष्ट मत आहे, टुरिस्ट नसले तरी.

आता डिसेंबर-जानेवारीचा इथला कार्यक्रम या तीन प्रश्नांना लावून बघू.

देवळाच्या जत्रा. बाहेरची दुकानं, खाजी-लाडू, पालखी, सगळं उघड्यावर, बिनधास्त जा. रात्रीचं नाटक किंवा पेडण्याकडचं दशावतारी पहाटेपर्यंत चालतं, वेळ भरपूर पण मंडप उघडा, त्यामुळे चालेल, कडेची खुर्ची धरा आणि आजीला शाल द्या. अडचण फक्त गाभाऱ्यापुढच्या रांगेत, तिथे हवा कोंदट आणि माणूस माणसाला टेकलेलं. मोठ्यांना दुपारी गर्दी नसताना दर्शन करून आणा, देव दुपारीही असतो.

नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना बऱ्याच गावांत चर्चच्या पटांगणात उघड्यावरच होते, शेजारच्यांनी बोलावलं तर जरूर जा, बघण्यासारखं असतं. शेजारून ताटात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका येईल, ते मजेत खा. ताट सॅनिटायझरने पुसायची गरज नाही, वस्तूंवरून हा आजार फारसा पसरत नाही हे आता पक्कं आहे. हात मात्र धुवा, सीझनला पोटाचे विकार वेगळे असतातच.

किनारा, मिरामारला फिरणं, बाजार, शॅकमध्ये समुद्राकडच्या टेबलावर जेवण, हे सगळं रिस्कच्या हिशोबात स्वस्तातलं. मांडवीतल्या बोटींवर वरचा उघडा डेक चालेल, खालचा एसी हॉल नको. कॅसिनो, क्लब, काचबंद रेस्टॉरंट, हॉटेलच्या तळघरातला बँक्वेट हॉल, हे सगळ्यात महाग. २०२२च्या सुरुवातीला मुंबईहून आलेल्या एका क्रूझवरच्या दोनेक हजार लोकांची टेस्ट केली त्यात ६६ पॉझिटिव्ह निघाले होते, आणि त्याच आठवड्यात राज्यात दहापैकी एकाहून जास्त टेस्ट पॉझिटिव्ह यायला लागल्या, शाळा परत बंद. थर्टीफर्स्टचं बिल जानेवारीत येतं ते असं.

पायरी ४: काय ठेवायचं, काय सोडायचं

एक कागद घ्या. २० डिसेंबर ते ५ जानेवारी जे जे ठरलंय ते लिहा. ज्याशिवाय तुम्हाला खरंच चुटपुट लागेल त्याच्यापुढे खूण करा. आमच्याकडे खूण सासूबाईंच्या कुलदेवतेच्या जत्रेला आणि भाच्याच्या लग्नाला. ऑफिसच्या पार्टीला खूण कोणीच केली नाही, अगदी ज्याचं ऑफिस त्यानेपण नाही. मग कशाला जायचं? लोक अर्धी रिस्क असल्याच गोष्टींवर घालवतात, ज्या रद्द झाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसरं, महाग गोष्ट आधी आणि आईबाबा नंतर. क्लबला जायचंच असेल तर जा बापडे, पण आईबाबा यायच्या आठवडाभर आधी. ओमायक्रॉननंतरच्या प्रकारांत लक्षणं साधारण तीन दिवसांत दिसतात आणि लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस पसरवू शकतो, त्यामुळे ३१ला पार्टी आणि २ तारखेला बाबांच्या शेजारी बसून जेवण हे सगळ्यात वाईट टायमिंग. आमचं २०२२चं तसंच झालं.

पायरी ५: पाहुण्यांशी आधीच बोला

हे अवघड जातं, मान्य. मामाला कसं सांगायचं की खोकला असेल तर येऊ नको? म्हणून हे तोंडावर न सांगता महिनाभर आधी ग्रुपवर सगळ्यांना एकच मेसेज टाकते, म्हणजे कोणी अंगाला लावून घेत नाही. माझा मेसेज असा असतो, हवा तर उचला:

"मामा, मामी, सगळ्यांना नमस्कार. २४ला सगळे येताय, मजा येणार. आईंची शुगर आणि छातीचं तुम्हाला माहीतच आहे, म्हणून एक विनंती, निघायच्या दोन दिवस आधीपासून कोणाला ताप, घसा, सर्दी असेल तर लाजू नका, मला फोन करा, तिकीट पुढच्या आठवड्याचं करू, जेवण परत घालते. निघताना आणि इथे पोचल्यावर एकेक टेस्ट करू, किट मी आणून ठेवलेत. जेवायला अंगणात बसायचंय, स्वेटर आणा."

दोन गोष्टी लक्षात घ्या यात. येऊ नका असं कुठेच म्हटलेलं नाही, नंतर या म्हटलंय. आणि दोष कोणाचा नाही, आईंच्या छातीचा आहे. सासूबाईंची परवानगी घेतलेली आहे, त्यांनाही आवडतं आपल्यामुळे सगळे वळणावर येतात ते.

प्रवासाचं म्हणाल तर कोकण रेल्वेने थिवी किंवा मडगावला येणाऱ्यांनी एसी डब्यात मास्क लावावा, निदान लोक चढ-उतार करतात तेव्हा तरी. स्लीपरच्या उघड्या खिडकीत धूळ खाल्ली तरी हवा चांगली. विमानात उड्डाण चालू असताना हवा फिल्टर होते, खरी घुसमट बोर्डिंगच्या रांगेत आणि एअरपोर्टच्या बसमध्ये, मास्क तिथे काढू नका. आणि हो, आता राज्याच्या सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर कोणी सर्टिफिकेट मागत नाही. मे २०२१मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर निगेटिव्ह रिपोर्टशिवाय आत घेत नव्हते, तेव्हा आमचा चुलतभाऊ सावंतवाडीहून दोनदा परत फिरला होता. आता ती चाळण आपल्यालाच लावायची.

टेस्टबद्दल थोडं. घरी करायचं अँटिजेन किट निगेटिव्ह आलं म्हणजे माणूस स्वच्छ असं नाही, सुरुवातीच्या दिवसांत ते हमखास चुकतं, म्हणून ४८ तासांनी परत करायचं. पॉझिटिव्ह आलं तर मात्र खरं माना, किटवरच्या टी (टेस्ट) अक्षरापुढची रेघ कितीही फिकट असली तरी. सी (कंट्रोल) पुढची रेघच आली नाही तर किट बाद. आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच बघा, तासाभराने कचऱ्यातून काढून "अरे आता रेघ दिसतेय" करू नका, आमच्याकडे झालंय ते.

पायरी ६: घर

जुन्या गोव्याच्या घरांना हे सगळं आपोआप जमायचं. मधोमध राजांगण म्हणजे उघडा चौक, पुढे बसायला सोपो, ख्रिश्चनांच्या घराला बलकांव म्हणजे पुढचा उघडा व्हरांडा, माणसं तिथेच बसायची, वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जायचा. आपण फ्लॅटवाले. त्यातून इथे एक गंमत आहे जी बाहेरून आलेल्यांना पहिल्या आठवड्यात कळते: तिन्हीसांज झाली की सगळं गाव धडाधड खिडक्या लावतं, मच्छर येतात म्हणून. आणि पाहुणे जेवायला येतात नेमके त्याच वेळी. २०२२ला आम्ही हेच केलं, बाल्कनीचं सरकतं दार लावलं, एसी सोडला, चौदा माणसं, तीन तास, अंताक्षरी. एसीमुळे हवा गार होते म्हणून ती ताजीही वाटते, पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, तीच तीच फिरवतो.

त्यामुळे डिसेंबर उजाडायच्या आत खिडक्यांना जाळ्या लावून घ्या, सगळ्या नाही जमल्या तर समोरासमोरच्या दोन. दार-खिडकी दोन्हीकडून उघडी असली तरच वारा खेळतो, एकच उघडून फार होत नाही. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट जेवण होईपर्यंत चालू ठेवा, आवाज होतो, होऊ दे. एक टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवला की आतली हवा बाहेर फेकतो, लोक हसतात पण काम करतो. नुसता छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही.

मैत्रिणीकडून एकदा कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर आणला होता. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाखात ४२० भाग) असतं, खोलीत १००० च्या वर गेलं की समजायचं दुसऱ्यांनी सोडलेली हवा आपण घेतोय. आमच्या बंद हॉलमध्ये आठ माणसं बसवली तर अर्ध्या तासाच्या आत हजार पार, आणि जाळीची दोन दारं उघडली की डोळ्यादेखत खाली. विकत घ्यायलाच हवा असं नाही, पण ज्या नवऱ्याला काही पटत नाही त्याला दाखवायला बरा.

सगळ्यात सोपं, गच्चीवर किंवा अंगणात जेवा. आपल्याकडे डिसेंबरात काही बर्फ पडत नाही, बाहेर बसायला याहून चांगली हवा वर्षात नाही. आजीची खुर्ची वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वारा आधी तिच्याकडे आणि मग बाकीच्यांकडे.

पायरी ७: मास्क

थोडक्यात. कापडी विसरा. एन९५ किंवा एफएफपी२ घ्या, भारतीय बनावटीच्या एफएफपी२वर आयएस ९४७३ लिहिलेलं असतं. व्हॉल्ववाला नको, त्यातून तुमचा श्वास सरळ बाहेर जातो. नाकाची पट्टी दाबा, दाढी असेल तर कडेने हवा गळते हे धरून चाला. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता होईपर्यंत लावायचा आणि जेवायला बाहेरच्या मांडवातलं टेबल धरायचं, मी तेच करते, फोटोत वाईट दिसते पण चालतं.

पायरी ८: एवढं करूनही कोणी पडलंच तर

पडेल कधीतरी. खोली वेगळी, खिडकी उघडी, दार लोटलेलं, आणि घरात सगळ्यांना मास्क. आजीला शक्य असेल तर दुसऱ्या घरी हलवू नका लगेच, तिला आधीच लागण झालेली असली तर तिकडच्यांना होईल, आधी टेस्ट.

साठीच्या वरचं किंवा शुगर-हार्टवालं कोणी पॉझिटिव्ह आलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, "बघू दोन दिवस" नाही. अँटिव्हायरल गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांतच घ्यायच्या असतात, आणि सीझनला २५ आणि १ तारखेला निम्मे दवाखाने बंद, म्हणून डॉक्टरचा सुट्टीतला नंबर आधीच विचारून ठेवा. बाबा आधीपासून घेतात त्या गोळ्यांची यादीही हाताशी ठेवा, काही औषधं या अँटिव्हायरलबरोबर चालत नाहीत.

ऑक्सिमीटर बोट गरम करून, नेलपॉलिश काढून लावा. ९४च्या खाली जायला लागलं, बोलताना धाप लागली, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीत दाब, यातलं काहीही झालं तर १०८. आणि शेजारच्याने सुचवलेलं स्टेरॉइड सुरुवातीलाच घेऊ नका, २०२१मध्ये शुगरवाल्यांना ब्लॅक फंगस झाला त्यात या आगाऊ स्टेरॉइडचा मोठा हात होता.

बरं वाटायला लागलं आणि गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही की खोलीबाहेर या, पण पुढचे पाच दिवस मास्क, आणि आजीच्या शेजारी बसण्याआधी एक टेस्ट निगेटिव्ह.

तोवर त्या बंद खोलीतल्या माणसाला एकटं वाटतं हो, बाहेर सगळे हसतायत आणि आपण भिंतीकडे बघतोय. आमच्याकडे भाचा तीन दिवस मागच्या खोलीत होता तेव्हा सासूबाईंनी खुर्ची अंगणात त्याच्या खिडकीसमोर दहा पावलांवर टाकली आणि तिथूनच त्याच्याशी पत्ते खेळल्या, दोघांकडे वेगवेगळा कॅट, पान ओरडून सांगायचं. खतखत्याचा (मिश्र भाजीचा) डबा दाराशी ठेवून बेल वाजवायची. भाचा म्हणतो आजी चीटिंग करायची, कारण तिची पानं त्याला दिसतच नव्हती.